कापसातील जनुकक्रियेचा अभ्यास : पालकांच्या निवडीपासून वेगवेगळ्या पर्यावरणांतील निर्णयापर्यंत

कापसाच्या पैदास कार्यक्रमात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला लवकरच एक प्रश्न विचारला जातो : उत्पादनात कोणती जनुकक्रिया प्रबळ आहे? प्रश्न साधा दिसतो, पण तो अर्धाच विचारलेला असतो. जनुकक्रियेचे प्रमाण हा गुणाला कायमचा चिकटलेला धर्म नाही. ज्या पालकांचा संकर केला त्यांच्यापुरते आणि ज्या शेतांत, ज्या हंगामांत तो संकर तपासला त्यांच्यापुरते ते खरे असते. म्हणून अभ्यासाची आखणी करताना गुण, पालक आणि पर्यावरण या तिन्ही गोष्टी एकत्रच ठरवाव्या लागतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

थोडी पूर्वतयारी आवश्यक आहे. जनुकक्रियेचे तीन भाग मानले जातात. पहिला भाग बेरजेचा, ज्याला ॲडिटिव्ह क्रिया म्हणतात : प्रत्येक चांगल्या जनुकरूपामुळे (एकाच जनुकाच्या पर्यायी रूपांपैकी एकामुळे) गुणात ठरावीक भर पडते आणि ती भर पुढच्या पिढीत विश्वासाने पोहोचते. दुसरा भाग प्रभावितेचा : एकाच ठिकाणची दोन वेगळी जनुकरूपे एकत्र आल्यावर संकराचे मूल्य दोन्ही पालकांच्या मध्यावर न राहता एका बाजूला झुकते. तिसरा भाग एपिस्टॅसिसचा, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या जनुकांच्या परस्परक्रियेचा. एकूण आनुवंशिक प्रचरण, म्हणजेच व्हेरिअन्स किंवा फरकाचे माप, अशा भागांत विभागता येते हे रोनाल्ड फिशर यांनी १९१८ साली दाखवले, आणि पुढच्या सगळ्या पद्धती त्याच विभागणीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : कोणता निर्णय घ्यायचा आहे ते आधी ठरवा

अभ्यासातून शेवटी दोन निर्णय निघायला हवेत. सरळ वाण तयार करायचा की संकरित वाण, हा पहिला; आणि सर्व पर्यावरणांसाठी एकच वाण शोधायचा की प्रत्येक प्रकारच्या परिस्थितीसाठी वेगळी निवड चालवायची, हा दुसरा. जगातील बहुतेक कापूस सरळ वाणांचा आहे. संकरित कापूस मोठ्या क्षेत्रावर मुख्यतः भारतात आणि काही प्रमाणात चीनमध्ये घेतला जातो. सुरत येथील संशोधन केंद्रातून १९७० साली प्रसारित झालेला एच-४ हा व्यावसायिक लागवडीसाठीचा पहिला संकरित कापूस होय. हा संदर्भ येथे देण्याचे कारण असे की प्रभावितेची क्रिया कितीही मोठी आढळली, तरी जेथे संकरित बियाणे परवडेल अशा खर्चात तयार करता येत नाही, तेथे ती माहिती केवळ तक्त्याची शोभा ठरते. बियाणे-उत्पादनाची सोय नसलेल्या कार्यक्रमाने आपले श्रम बेरजेची क्रिया आणि तिचा पर्यावरणाशी असलेला संबंध मोजण्यावर खर्च करावेत.

दुसरी पायरी : पालकांची निवड आणि शुद्धता

लागवडीखालील कापसाच्या चार प्रजाती आहेत. गॉसिपियम हिरसुटम आणि गॉसिपियम बार्बाडेन्स या दोन प्रजातींत ५२ गुणसूत्रे असतात, तर गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेसियम या देशी कापसाच्या प्रजातींत २६. या दोन गटांमध्ये थेट संकर केल्यास ३९ गुणसूत्रांची, एरवी वांझ राहणारी झाडे मिळतात. त्यामुळे एका संकर आराखड्यात एकाच गटातील पालक घ्यावेत. हिरसुटम आणि बार्बाडेन्स यांचा संकर सहज होतो आणि पहिल्या पिढीत तो जोमदारही दिसतो, पण दुसऱ्या पिढीत अनेक कमजोर आणि विस्कळीत झाडे निघतात. अशा आंतरप्रजातीय संकराचे आकडे हिरसुटमच्या अंतर्गत संकरांच्या आकड्यांत मिसळून सरासरी काढणे चुकीचे आहे.

कापूस मुख्यत्वे स्वपरागी असला, तरी मधमाश्यांच्या वावरानुसार त्यात परपरागणही बऱ्यापैकी होते. म्हणून पालक म्हणून घेतलेला प्रत्येक वाण काही पिढ्या स्वपरागणाने शुद्ध केलेला असावा. ही अट केवळ औपचारिक नाही. पालक पूर्ण शुद्ध आहेत असे गृहीत धरूनच संयोगक्षमतेच्या (पालक संकरांत कसा उतरतो याच्या मापाच्या; पाहा सातवी पायरी) प्रचरणाचे रूपांतर जनुकक्रियेच्या प्रचरणात केले जाते. पालक मिश्र असतील तर गणिताची सूत्रे तशीच राहतात आणि उत्तर मात्र चुकते.

पालक किती घ्यावेत याचे उत्तर हाताशी असलेल्या जमिनीवर आणि माणसांवर अवलंबून असते. पण ते कोणते घ्यावेत याबद्दल मत स्पष्ट असावे. केवळ उत्पादनात वरचढ असलेले आठ वाण निवडले, तर ते एकमेकांचे जवळचे नातेवाईक निघण्याची शक्यता मोठी असते आणि मग फरकच न उरल्याने जनुकक्रिया मोजता येत नाही. एखादा वाण धाग्याच्या ताकदीसाठी, एखादा मोठ्या बोंडासाठी, एखादा कोरडवाहू परिस्थितीत टिकाव धरण्यासाठी, एखादा तुडतुड्यांना दाद न देणाऱ्या लवदार पानांसाठी, अशी कारणे देऊन निवड करावी. मात्र अशी हेतुपुरस्सर निवड केली की निष्कर्ष त्याच पालकांपुरते राहतात. सर्व कापसाच्या जनुकक्रियेबद्दल विधान करायचे असेल, तर पालक एखाद्या समूहातून यादृच्छिकपणे उचललेले असावे लागतात. प्रबंधांमध्ये हा फरक वारंवार विसरला जातो.

तिसरी पायरी : संकराचा आराखडा

नवख्या अभ्यासकासमोर साधारणतः तीन पर्याय असतात. पहिला पर्याय डायलेल, म्हणजे प्रत्येक पालकाचा इतर सर्व पालकांशी संकर. ब्रूस ग्रिफिंग यांनी १९५६ साली त्याच्या विश्लेषणाच्या चार पद्धती मांडल्या. त्यांतील दुसऱ्या पद्धतीत पालक आणि एकाच दिशेचे संकर घेतले जातात, आणि कापसात ती अधिक सोयीची पडते. आठ पालकांचे २८ संकर आणि ते आठ पालक मिळून ३६ नोंदी, म्हणजे शेतात तपासायचे ३६ पालक-संकर, होतात. तीन ठिकाणी तीन पुनरावृत्ती घेतल्या तर ३२४ प्लॉट. पालक वाढले की संकरांची संख्या जवळजवळ वर्गाच्या पटीत फुगते आणि शेतावरची शिस्त ढासळते.

दुसरा पर्याय लाइन-टेस्टर पद्धतीचा, ज्याचे विश्लेषण ऑस्कर केम्पथॉर्न यांनी १९५७ साली मांडले. त्यात काही मादी वाण (लाइन) आणि मोजके नर वाण (टेस्टर) घेऊन प्रत्येक मादीचा प्रत्येक नराशी संकर केला जातो. अनेक नव्या वाणांची चाळणी करायची असेल, तर ही पद्धत डायलेलपेक्षा स्वस्त पडते. पण टेस्टर केवळ तीन असताना नरांमधील प्रचरणाचा अंदाज फार डळमळीत असतो, आणि टेस्टर बदलले की वाणांचा क्रमही बदलू शकतो.

तिसरा पर्याय पिढ्यांच्या सरासरीचा. त्यात एकाच संकराच्या सहा पिढ्या शेजारी-शेजारी पेरतात : दोन पालक, एफ-१ (संकराची पहिली पिढी), एफ-२ (एफ-१ च्या स्वपरागणातून येणारी दुसरी पिढी) आणि दोन्ही पालकांशी केलेले प्रतिसंकर. एपिस्टॅसिस आहे की नाही हे या आराखड्यात सरळ तपासता येते, जे साध्या डायलेलमध्ये साधत नाही. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने आधी लाइन-टेस्टर किंवा लहान डायलेल घ्यावे, आणि त्यातून निघालेल्या दोन-तीन महत्त्वाच्या संकरांवरच पिढ्यांच्या सरासरीचा अभ्यास करावा. दोन्ही एकाच वेळी सुरू केल्यास कोणताच धड पूर्ण होत नाही.

चौथी पायरी : संकरीकरण आणि बियाणे

दुसऱ्या दिवशी उमलणारी, मोठी झालेली पण अजून बंद असलेली पाती दुपारनंतर निवडावी. पाकळ्यांसह पुंकेसरांची नळी अंगठ्याच्या नखाने अलगद सोलून काढावी. अंडाशयाला किंवा कुक्षिवृंताला इजा होऊ देऊ नये, आणि बाहेरची हिरवी छदे तशीच ठेवावीत. मग स्त्रीकेसर झाकून टाकावा, दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या ताज्या उमललेल्या फुलाचे पराग कुक्षीवर लावावेत आणि पुन्हा झाकून चिठ्ठी बांधावी. नर फुलेही आदल्या संध्याकाळी बांधून ठेवावी लागतात, नाहीतर मधमाशीने आणलेले परके पराग त्यांच्यासोबत येतात. पालकांच्या स्वपरागणासाठी न उमललेल्या फुलाचे टोक दोऱ्याने बांधले तरी पुरते.

किती फुले लागतील याचा हिशेब आधीच करावा. समजा, एका प्लॉटमध्ये २० जागा आहेत आणि प्रत्येक जागी दोन सरकी टोकायच्या आहेत. नऊ प्लॉटसाठी प्रत्येक संकराच्या ३६० सरकी लागतील. हाताने परागण केलेल्या बोंडात २० सरकी धरल्या, तर १८ बोंडे हवीत. आणि निम्मी बोंडे गळतील असे मानले, तर ३६ फुले. अशा २८ संकरांचे काम फुलोऱ्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच उरकावे, कारण उशिराच्या फुलांतून येणारी सरकी हलकी निघते.

पालकांचे बियाणे मात्र जुन्या साठ्यातून काढू नये. त्याच हंगामात, त्याच शेतात स्वपरागणाने घेतलेले बियाणेच पालक म्हणून पेरावे. संकराची सरकी ताजी आणि पालकांची जुनी असली, तर उगवणीतला फरक संकरजोमाच्या, म्हणजे पालकांवरील संकराच्या वरचढपणाच्या, खात्यावर जमा होतो. सर्व सरकीवरील तंतू एकाच पद्धतीने काढून टाकावेत, म्हणजे टोकणही सारखी होते.

येथे कापसाचे एक वैशिष्ट्य नीट समजून घ्यावे. रुईचा प्रत्येक धागा ही बीजावरणाच्या बाह्यत्वचेतील एक लांबलेली पेशी असते, आणि बीजावरण हा मातेचा ऊतक असतो. त्यामुळे संकर केलेल्या बोंडातील रुई मादी पालकाच्याच जनुकरचनेची असते, संकराची नव्हे. संकराची रुई पाहायची असेल, तर एफ-१ चे झाड वाढवून त्यावरील बोंडे तपासावी लागतात. त्या बोंडातील रुई एफ-१ ची असते, पण सरकीच्या आतील गर्भ एफ-२ चा असतो. धाग्याची लांबी आणि सरकीतील तेलाचे प्रमाण हे दोन्ही गुण एकाच बोंडातून मोजून एकाच पिढीच्या नावावर लिहिले, तर तेलाच्या बाबतीत संपूर्ण विश्लेषण एका पिढीने सरकलेले असते.

पाचवी पायरी : पर्यावरणांची निवड

पर्यावरण म्हणजे केवळ ठिकाण नव्हे. ठिकाण, हंगाम, पेरणीची वेळ, पाण्याची उपलब्धता आणि झाडांची दाटी यांपैकी ज्या घटकाने वाणांचा क्रम बदलण्याची शक्यता आहे, तो घटक पर्यावरण म्हणून निवडावा. एकाच शेतात बागायती आणि कोरडवाहू असे दोन भाग, त्यात वेळेवरची आणि उशिराची पेरणी, अशी चार पर्यावरणे उभी करता येतात. तीन वेगवेगळ्या गावांत पण सारख्याच काळ्या जमिनीवर आणि सारख्याच पाण्यावर घेतलेल्या प्रयोगापेक्षा असा प्रयोग अनेकदा अधिक सांगून जातो. अर्थात एका हंगामाचा पाऊस हा एकच नमुना असतो, म्हणून शक्य असल्यास प्रयोग दुसऱ्या वर्षी पुन्हा घ्यावा.

पर्यावरणे वाढवावीत की पुनरावृत्ती, हा प्रश्न साध्या गणिताने सुटतो. एखाद्या नोंदीच्या सरासरीत आनुवंशिक प्रचरण पूर्ण राहते, जनुक-पर्यावरण परस्परक्रियेचे प्रचरण पर्यावरणांच्या संख्येने भागले जाते, आणि त्रुटीचे (एकाच नोंदीच्या प्लॉटांमधील आकस्मिक फरकाचे) प्रचरण एकूण प्लॉटच्या संख्येने भागले जाते. उदाहरणासाठी हे तीन आकडे अनुक्रमे ४०, ६० आणि ९० धरू. एका ठिकाणी सहा पुनरावृत्ती घेतल्यास एकूण ११५ होतात आणि आनुवंशिकतेचे प्रमाण, म्हणजे एकूणातील आनुवंशिक वाटा, ०.३५ इतके येते. तेच सहा प्लॉट तीन ठिकाणी दोन-दोन पुनरावृत्तींत वाटले, तर एकूण ७५ होतात आणि प्रमाण ०.५३ वर जाते. जमीन तितकीच आणि मजूरही जवळपास तितकेच. यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रयोग एकाच ठिकाणी असेल, तर वरचे ४० आणि ६० वेगळे करताच येत नाहीत. विश्लेषण दोन्ही मिळून १०० हे आनुवंशिक प्रचरण म्हणून दाखवते आणि आनुवंशिकता अवास्तव मोठी दिसते. एका ठिकाणच्या अभ्यासातून आलेल्या उत्साही आकड्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

प्रत्येक पर्यावरणात यादृच्छिक मांडणी नव्याने करावी. उंच वाढणाऱ्या संकरांच्या शेजारी बुटका पालक आला, तर तो सावलीत दबतो आणि संकरजोम फुगून दिसतो. यासाठी प्रत्येक पुनरावृत्तीत पालक आणि संकर लागून असलेल्या दोन स्वतंत्र पट्ट्यांत लावावेत, आणि कडेच्या ओळी मोजणीतून वगळाव्यात. काही पालकांत बोंडअळीला प्रतिकारक बीटी जनुक असेल आणि काहींत नसेल, तर अळीच्या प्रादुर्भावातून उत्पादनात पडणारा फरक हा त्या एका जनुकाचा परिणाम असतो, पण तक्त्यात तो प्रभावितेच्या नावाने दिसतो. अशा वेळी सर्व प्लॉटना सारखेच पीकसंरक्षण द्यावे, किंवा सर्वच पालक एका प्रकारचे घ्यावेत.

सहावी पायरी : नोंदी

विरळणीनंतर आणि पहिल्या वेचणीपूर्वी प्रत्येक प्लॉटमधील झाडे मोजावीत. नांग्या पडल्या असतील तर त्यांची नोंद करावी. उशिरा भरलेली झाडे नमुन्यात धरू नयेत. प्रत्येक झाडावरील बोंडे, बोंडाचे वजन, सर्व वेचण्यांचा मिळून कापूस, रुईचा उतारा (कापसाच्या वजनात रुईचे प्रमाण), १०० सरकीचे वजन, तसेच धाग्याची लांबी, ताकद आणि मायक्रोनेअर (धाग्याच्या तलमपणा-पक्वतेचे माप) हे किमान गुण होत. धाग्याच्या तपासणीसाठी झाडाच्या मधल्या भागातील बोंडांचा नमुना सर्व नोंदींतून सारख्याच पद्धतीने घ्यावा, कारण तळातील आणि शेंड्यावरील बोंडांची रुई सारखी नसते.

पर्यावरणाचा परिणाम प्रत्येक गुणावर सारखा नसतो. फूल उमलल्यानंतरचे पहिले सुमारे तीन आठवडे धागा लांबत असतो, आणि त्या काळात पाण्याचा ताण पडला तर लांबी कमी होते. त्यापुढे धाग्याच्या आत सेल्युलोजचे थर जमा होतात. तेव्हा रात्री थंड असतील तर थर पातळ राहतात आणि मायक्रोनेअर घसरतो. म्हणून पेरणी आणि हवामानाच्या तारखा उत्पादनाइतक्याच काळजीने नोंदवाव्यात. पुढे एखाद्या संकराची परस्परक्रिया मोठी आली, तर तिचे कारण या नोंदींतच सापडते.

उत्पादनाबाबत थोडे अधिक थांबावे लागेल, कारण नवख्यांचा सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. एका झाडाचे उत्पादन म्हणजे बोंडांची संख्या गुणिले बोंडाचे वजन. समजा, एका पालकाला ६ ग्रॅमची २० बोंडे लागतात आणि दुसऱ्याला ३ ग्रॅमची ४०. दोघांचेही उत्पादन १२० ग्रॅम. दोन्ही घटक शुद्ध बेरजेच्या क्रियेने ठरतात असे धरले, तर एफ-१ ला बरोबर मधोमध, म्हणजे ४.५ ग्रॅमची ३० बोंडे लागतील. उत्पादन होईल १३५ ग्रॅम, दोन्ही पालकांपेक्षा १२.५ टक्के अधिक. प्रभाविता कोठेही नाही, तरीही संकरजोम दिसतो, कारण बेरजेने ठरणाऱ्या दोन घटकांचा गुणाकार झाला आहे. हे उत्पादनाच्या आकड्यांवरून कळणार नाही. घटकांचे विश्लेषण वेगळे केले तरच कळते. आणि हे कळल्याने निर्णयच बदलतो, कारण अशा संकरातून मोठी आणि भरपूर बोंडे असलेला सरळ वाण निवडून काढण्यास निदान तत्त्वतः वाव असतो.

सातवी पायरी : विश्लेषण

प्रथम प्रत्येक पर्यावरणाचे प्रचरण विश्लेषण स्वतंत्रपणे करावे. नोंदींमध्ये लक्षणीय फरकच नसेल, तर त्या गुणासाठी पुढे जाऊ नये. मग त्रुटींची प्रचरणे एकसारखी आहेत का, ते बार्टलेट चाचणीने तपासून एकत्रित विश्लेषण करावे. बागायती प्रयोगात उत्पादन आणि त्रुटी दोन्ही मोठी असतात, म्हणून लॉगरिदममध्ये रूपांतर करून पाहणे कित्येकदा उपयोगी पडते. प्लॉट गहाळ झाले असतील, तर हाताने भरपाई करण्याऐवजी मिश्र प्रतिमान (अपुऱ्या नोंदींवरही चालणारी विश्लेषण पद्धत) वापरावे. आर या मुक्त संगणकप्रणालीत त्याची सोय आहे.

एकत्रित विश्लेषणात चार गोष्टी पाहायच्या : सर्वसाधारण संयोगक्षमता म्हणजे जीसीए, विशिष्ट संयोगक्षमता म्हणजे एससीए, आणि या दोहोंची पर्यावरणाशी परस्परक्रिया. पहिल्या दोन संकल्पना स्प्रॅग आणि टेटम यांनी १९४२ साली मक्याच्या अभ्यासातून मांडल्या. जीसीए हा पालकाचा सर्व संकरांतील सरासरी वाटा, आणि एससीए हा त्या सरासरीवरून अपेक्षित असलेल्यापेक्षा एखाद्या जोडीचा वेगळेपणा.

जीसीए आणि एससीए यांची प्रचरणे थेट एकमेकांशी ताडू नयेत. समजा, ती अनुक्रमे ६ आणि ८ आली. पाहताक्षणी प्रभाविता मोठी वाटते. पण शुद्ध पालकांच्या बाबतीत, एपिस्टॅसिस नाही असे धरल्यास, बेरजेचे प्रचरण जीसीएच्या दुप्पट असते आणि प्रभावितेचे प्रचरण एससीएइतकेच असते. म्हणजे १२ विरुद्ध ८. एकूण २० पैकी ०.६० भाग बेरजेचा. अनेक तक्त्यांखाली नेमके उलटे वाक्य लिहिलेले आढळते.

परस्परक्रिया लक्षणीय आली, म्हणजे ती त्रासदायकच असते असे नाही. एका मादी वाणाचा उत्पादनातील जीसीए परिणाम तीन पर्यावरणांत +८, +५ आणि +२ आहे, आणि दुसरीचा +९, +३ आणि -६ आहे असे समजू. दोन्ही बदलतात. पहिलीचे केवळ प्रमाण बदलते आणि ती सर्वत्र उपयोगाची राहते. दुसरीची दिशाच फिरते. ती अनुकूल परिस्थितीसाठी ठेवावी आणि ताणाच्या परिस्थितीतून वगळावी. चाचणीचा लक्षणीयता दर्शवणारा तारा हा फरक सांगत नाही; त्यासाठी प्रत्येक पालकाचे पर्यावरणनिहाय आकडे स्वतः वाचावे लागतात. नोंदी बऱ्याच असतील, तर फिनले आणि विल्किन्सन यांची १९६३ ची किंवा एबरहार्ट आणि रसेल यांची १९६६ ची स्थिरता पद्धत मदत करते; तीत प्रत्येक नोंदीचे उत्पादन पर्यावरणांच्या सरासरीसमोर मांडून रेषा काढतात. मात्र तीनच पर्यावरणांवर काढलेल्या समाश्रयण रेषेवर फार भार टाकू नये.

पिढ्यांच्या सरासरीच्या अभ्यासात तर्क सरळ आहे. एपिस्टॅसिस नसेल, तर प्रतिसंकराची सरासरी त्या पालकाच्या आणि एफ-१ च्या बरोबर मध्यावर यायला हवी, आणि एफ-२ ची सरासरी दोन्ही पालकांची सरासरी व एफ-१ यांच्या मध्यावर. पालक १२० ग्रॅम आणि एफ-१ १६० ग्रॅम असताना प्रतिसंकर १४० च्या आसपास अपेक्षित आहे. तो १२८ आला आणि हा फरक प्रमाण त्रुटीच्या मानाने मोठा असला, तर परस्परक्रिया मानावी लागते. एफ-२ आणि प्रतिसंकरांत प्रत्येक झाड वेगळे असल्याने त्यांची झाडे पालकांपेक्षा बरीच जास्त मोजावीत.

या पद्धतीचा एक सापळा लक्षात ठेवावा. चांगली जनुकरूपे दोन्ही पालकांत विखुरलेली असतील, तर त्यांचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि बेरजेचा अंदाज जवळजवळ शून्य येतो. सरासरीवरून काढलेला तो लहान आकडा म्हणजे निवडीला वाव नाही असे नव्हे. वरच्या उदाहरणातील दोन्ही पालकांचे उत्पादन सारखेच होते, हे आठवावे.

आठवी पायरी : आकड्यांवरून पैदासीची दिशा

बेरजेची क्रिया मोठी आणि पर्यावरणाशी तिची परस्परक्रिया लहान असेल, तर काम सोपे आहे : एफ-२ आणि एफ-३ मध्येच निवड सुरू करावी, आणि ती कोणत्याही एका चांगल्या शेतावर केली तरी चालते. धाग्याची लांबी, ताकद आणि रुईचा उतारा या गुणांबाबत अनेक अभ्यासांत असेच चित्र दिसते. बेरजेची क्रिया मोठी पण परस्परक्रियाही मोठी असेल, तर पिढ्या दोन प्रवाहांत न्याव्यात, एक ओलिताखाली आणि एक कोरडवाहू. किंवा एकच पिढी आलटून-पालटून दोन्हीकडे पेरून जे टिकेल ते ठेवावे. पहिला मार्ग खर्चिक असला तरी जीसीएची दिशा फिरत असताना तोच योग्य आहे.

प्रभाविता खरोखरच मोठी असेल, म्हणजे उत्पादनाच्या घटकांतही दिसत असेल आणि बियाणे-उत्पादनाची सोय असेल, तर संकरित वाण करावा. एससीएची पर्यावरणाशी परस्परक्रिया मोठी असेल, तर मात्र एका ठिकाणी पहिला आलेला संकर दुसरीकडे न तपासता पुढे नेऊ नये. एफ-२ चे बियाणे वापरण्याचा विचार असेल, तर एपिस्टॅसिस नसतानाही दोन्ही पालकांच्या सरासरीवरील संकरजोमाचा निम्मा भाग एका पिढीत जातो, हे हिशेबात धरावे.

एपिस्टॅसिस आढळल्यास त्याचा प्रकार पाहावा. बेरजेची बेरजेशी असलेली परस्परक्रिया सरळ वाणात पक्की करता येते, पण ती जुळणी स्थिर व्हायला वेळ लागतो. म्हणून निवड एफ-५ किंवा एफ-६ पर्यंत लांबवावी आणि तोवर प्रत्येक झाडाचे एकेक बी घेऊन पिढ्या पुढे न्याव्यात. प्रभाविता आणि प्रभाविता-प्रभाविता परस्परक्रिया यांची चिन्हे परस्परविरुद्ध असतील, तर दोन्ही एकमेकांना दाबतात, आणि लवकर केलेली निवड वाया जाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी एफ-२ मधील चांगल्या झाडांचे आपापसांत संकर करून मग निवड केलेली बरी. उत्पादन आणि धाग्याची ताकद यांच्यातील नकारात्मक संबंध सैल करण्यासाठीही हाच उपाय वापरला जातो, कारण जवळजवळ बसलेल्या जनुकांची जोडी फुटायला पुनःसंयोगाच्या जास्त संधी लागतात.

अंतिम अहवालात प्रत्येक गुणासमोर केवळ ‘बेरजेची’ किंवा ‘प्रभाविता’ असे न लिहिता, ती कोणत्या पालकांत आणि कोणत्या पर्यावरणांत आढळली, परस्परक्रियेची दिशा काय होती, आणि पुढच्या हंगामात कोणती पिढी कोणत्या शेतावर पेरायची, हे त्याच ओळीत नोंदवावे. पालकांचे स्वपरागणाने घेतलेले बियाणे आणि प्रत्येक एफ-१ ची शिल्लक सरकी नाव, पिढी व वर्ष लिहून थंड आणि कोरड्या जागी ठेवावी, कारण दुसऱ्या वर्षीचा प्रयोग त्याच बियाण्यावर व्हायचा असतो.